वेल बोर्दोची, मूळ अमेरिकेचं

चि. सानिका,


नाशिकच्या वाइनला परंपरा नाही, त्यामुळे बोर्दोत तिचं नाव काढलं तरी लोक हसतात, असं तू लिहिलंस. नाशिकची वाइन चांगली की वाईट, हा वेगळा प्रश्न. त्याकडे शेवटी वळते. पण परंपरेचं हे माप मला मान्य नाही. तिथल्या तळघरांत जे युगानुयुगांचं म्हणून दाखवतात, त्यातलं बरंचसं गेल्या साडेतीनशे वर्षांतलं आहे, आणि त्याचा फार मोठा भाग एका किडीच्या तडाख्यानंतर नव्याने उभा राहिला आहे.

द्राक्षाचा रस आंबवायची विद्या अतिप्राचीन आहे, यात वाद नाही. जॉर्जियात तिबिलिसीच्या दक्षिणेला गदाचरिली गोरा आणि शुलावेरिस गोरा इथे सापडलेल्या इ. स. पू. 6000 ते 5800 च्या सुमाराच्या खापरांत वाइनचे रासायनिक अंश मिळाले. आर्मेनियातल्या अरेनीच्या गुहेत द्राक्षं तुडवायची जागा आणि रस मुरवायचे रांजण निघाले, तेही सहा हजार वर्षांपूर्वीचे. तुतनखामुनच्या थडग्यातल्या रांजणांवर तर साल आणि मळ्याच्या मुख्याचं नावही लिहिलेलं आहे. पण हे पेय तुझ्या पेल्यातलं नव्हे. हवा लागली की वाइनचं व्हिनेगर होतं, म्हणून जुने लोक तिच्यात झाडाचा डिंक घालत. इराणमधल्या हाजी फिरुझ तेपेच्या सात हजार वर्षांपूर्वीच्या रांजणांत तो सापडला आहे. रोमन लोक पाणी मिसळून पीत. तू म्हणशील, रोमनांकडे मुरवलेली फालेर्नियन वाइन होतीच की! होती, आणि इ. स. पू. 121 च्या हंगामाची कीर्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. पण जवळजवळ दोनशे वर्षांनी प्लिनीने तिचं वर्णन केलं, तेव्हा ती कडवट मधासारखी दाट झालेली होती. ती चैनही मूठभरांची, आणि तोंड घट्ट बंद करता येणाऱ्या मातीच्या कुंभांवर अवलंबून. पुढे लाकडी पिंपं आली. ती वाहायला सोयीची, पण लाकडातून हवा झिरपते. म्हणून मध्ययुगात बोर्दोहून इंग्लंडला जहाजं भरभरून वाइन जाई तेव्हा भाव असायचा ताज्या मालाला, जुना माल पडेल किमतीला जाई.

बाटलीत वर्षानुवर्षं मुरलेली वाइन ही कल्पना शक्य झाली ती इंग्लंडच्या काचभट्ट्यांमुळे. आरमारासाठी लाकूड वाचावं म्हणून 1615 मध्ये पहिल्या जेम्स राजाने काचभट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी केली. कोळशाची धग जास्त, त्यामुळे काच जाड आणि मजबूत निघू लागली, आणि तिला बुचाची जोड मिळाली. बाटल्या आडव्या रचून ठेवता येतील असा सरळ आकार आला तो अठराव्या शतकात. (शॅम्पेनच्या बाबतीत तर गंमतच आहे. साखर घालून वाइन फसफसती करण्याची रीत क्रिस्टोफर मेरेट याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे 1662 मध्ये मांडली होती. तिचा जनक म्हणून ज्याचा पुतळा उभा आहे तो दों पेरिन्यों सहा वर्षांनी मठात रुजू झाला, आणि बुडबुडे हा दोष समजून ते टाळायला धडपडत राहिला.) बोर्दोच्या घराण्यांची ती प्रसिद्ध प्रतवारी 1855 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी दलालांनी बाजारभाव पाहून केलेली.

आता त्या किडीचं. 1860 च्या दशकात दक्षिण फ्रान्समधल्या वेली कारण कळेना अशा वाळू लागल्या. तज्ज्ञ मेलेल्या वेली उपटून पाहत, पण त्यांच्या मुळांवर काहीच नसे. 1868 मध्ये प्लांशों या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या मंडळींनी शेजारची हिरवी वेल खणली, तेव्हा मुळांवर पिवळसर, डोळ्याला जेमतेम दिसणारी कीड लगडलेली आढळली. ही फायलोक्सेरा. मेलेलं झाड सोडून ती पुढे सरकते, म्हणून हाती लागत नव्हती. हौसेने आणलेल्या अमेरिकन वेलींबरोबर ती आली होती. 1875 मध्ये फ्रान्सचं उत्पादन साडेआठ कोटी हेक्टोलिटरच्या घरात होतं, ते 1889 मध्ये अडीच कोटींच्याही खाली आलं. मळे पाण्याखाली बुडवून झाले, जमिनीत विषारी कार्बन डायसल्फाइड टोचून झालं, सरकारने तीन लाख फ्रँकचं बक्षीस लावलं, ते शेवटपर्यंत कुणाला मिळालं नाही. तोडगा निघाला तो रोग जिथून आला तिथलाच. अमेरिकन वेलींची मुळं ही कीड सोसू शकतात, तेव्हा खुंट अमेरिकन आणि वर कलम फ्रेंच. या उपायाला परंपरेच्याच नावाने कडाडून विरोध झाला. बर्गंडीत तर 1887 पर्यंत अमेरिकन वेल लावायलाच बंदी होती. आज युरोपातल्या बहुतेक सगळ्या मळ्यांत जमिनीखाली अमेरिका आहे. चिलीसारखे मोजके देश आणि काही वाळूचे पट्टे तेवढे सुटले.

यावर तुझ्या मित्रांचं उत्तर ठरलेलं असणार: मूळ परकं असलं तरी फळ आमच्याच जुन्या वाणाचं. अर्धं खरं आहे. कलमाने वाण बदलत नाही. पण काबेर्ने सोव्हिन्यों हा वाणच मुळात काबेर्ने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लां यांचा आपसूक झालेला संकर असल्याचं 1997 मध्ये डीएनए तपासून सिद्ध झालं. आणि बोर्दोचा जुना कार्मेनेर पुनर्लागवडीत तिथून जवळजवळ नाहीसा झाला, तो 1994 मध्ये चिलीच्या मळ्यांत मेर्लो या नावाखाली नांदताना ओळखू आला. तिथल्या कायद्यांचाही दाखला देऊ नकोस. द्राक्षं कमी पडली तेव्हा फ्रान्समध्येच बेदाण्यांची वाइन सर्रास विकली जात होती. तिला आळा घालायला, ताज्या द्राक्षांची तीच वाइन, असं 1889 च्या कायद्याने सांगावं लागलं. उगमस्थानाच्या नावांना संरक्षण देणारी आजची चौकट 1935 ची, तीही बनावट मालाला कंटाळूनच आलेली.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही, आणि तो खरा भक्कम आहे. बर्गंडीत सिस्टर्शियन साधूंनी क्लो द वूझोसारखे मळे शतकानुशतकं राखले. कुठल्या तुकड्यात पाणी साचतं, कुठल्या उतारावर फळ आधी पिकतं, हे ज्ञान पिढ्यांच्या निरीक्षणातूनच येतं, आणि ते कुठल्याही किडीने पुसलं गेलं नाही. नाशिक कमी पडतं ते इथे. महाराष्ट्रात नारायणगावला सुरुवात झाली 1980 च्या दशकात, नाशिकला सुला उभी राहिली 1999 मध्ये, आणि राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं 2001 मध्ये. शिवाय आपल्या बागायतदाराचा हात बसला आहे तो खायच्या द्राक्षावर, थॉमसनवर. त्यात मणी टपोरा आणि साल पातळ हवी, आणि वाइनला नेमकं उलटं लागतं. तिथे वेल थंडीत झोपते, आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून वर्षाला दोन छाटण्या, एप्रिलमध्ये खरड आणि पावसाळा सरताना गोडी, आणि तोडणी सप्टेंबरऐवजी जानेवारी ते मार्च. याचं तयार उत्तर फ्रेंच पुस्तकात मिळायचं नाही. शेनें ब्लां आपल्याकडे रुळला आहे, पण थंडी मागणाऱ्या पिनो न्वारचा हट्ट मला तरी पटत नाही. असे निवाडे व्हायला अजून काही पिढ्या जातील. आणि हो, पाणीटंचाई नि क्षारांवर उपाय म्हणून आपले शेतकरी ज्या डॉगरिज खुंटावर कलम बांधतात, तो मूळचा टेक्ससचा.

तेव्हा नाशिकच्या वाइनला खुशाल नावं ठेव, पण चवीवरून ठेव. परीक्षा झाली की सवडीने लिही.

तुझी,
आत्या