दोन अ‍ॅम्प्लिफायर

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात एकाच वेळी दोन अ‍ॅम्प्लिफायरची खरेदी चालू होती. एक माझ्या गिटारसाठी आणि एक बाबांच्या कानांसाठी. पहिल्याला अ‍ॅम्प म्हणतात आणि दुसऱ्याला श्रवणयंत्र, पण आतला कारभार तोच. एका टोकाकडून बारीकसा सिग्नल येतो, मधलं सर्किट तो मोठा करतं आणि दुसऱ्या टोकाचा स्पीकर तो बाहेर टाकतो. पैसे मात्र दोन्हीचे एकाच खिशातून जायचे होते. म्हणून हे सगळं लिहायला बसलोय.

नातेवाइकांना माझं वेड माहीत आहेच, इतरांसाठी थोडक्यात सांगतो. मी ठाण्यात राहतो, पन्नाशी ओलांडली आहे आणि कॉलेजपासून गिटार वाजवतो. घरात वातावरण शास्त्रीय संगीताचं. बाबा नोकरी सांभाळून गाणं शिकले, त्यांचा मिरजेचा तंबोरा अजून हॉलच्या कोपऱ्यात उभा असतो. अशा घरात मी ब्लूज आणि जुनं रॉक घेऊन आलो. मडी वॉटर्स, बी. बी. किंग, क्लॅप्टन, झेपेलिन, ही आमची दैवतं. बाबांनी कधी अडवलं नाही, पण कौतुकही केलं नाही. "सूर बरा लागतो, पण तो आवाज का फाडतोस?" एवढंच विचारायचे.

प्रश्न रास्त होता, कारण या संगीताची सगळी गंमत त्या फाटण्यातच आहे. आणि ती कोणी ठरवून आणलेली नाही. मडी वॉटर्स १९४३ साली मिसिसिपीतून शिकागोला आला. तिथल्या क्लबांच्या गोंगाटात साध्या गिटारचा आवाज कोणालाच ऐकू जाईना, म्हणून त्याने इलेक्ट्रिक गिटार धरली. त्या काळचे अ‍ॅम्प छोटे. बटण पूर्ण फिरवलं की आतले व्हॉल्व्ह झेपेल त्यापलीकडे जायचे आणि आवाज खरखरायचा. ऐकणाऱ्यांना तेच आवडलं. १९५१ च्या 'रॉकेट ८८' या गाण्यात तर अ‍ॅम्पचा स्पीकर वाटेत खराब झाला होता, म्हणून त्यात कागद कोंबून रेकॉर्डिंग केलं. १९६४ साली किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने ब्लेडने स्पीकरच कापला. म्हणजे आधी अपघाताने घडलं, ते पुढे मुद्दाम करायला लागले.

बनवणाऱ्यांची कथाही तशीच. लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याला हवा होता स्वच्छ आवाज. त्याने बास गिटारसाठी 'बासमन' नावाचा अ‍ॅम्प काढला, तो बासवाल्यांपेक्षा गिटारवाल्यांनीच डोक्यावर घेतला. मग लंडनमध्ये जिम मार्शल या ड्रमरच्या दुकानात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच बासमनचं सर्किट जवळजवळ जसंच्या तसं उतरवून पहिला मार्शल तयार झाला. व्हॉल्व्ह वेगळे, स्पीकर वेगळे, त्यामुळे आवाज जास्त रागीट. १९६६ साली एरिक क्लॅप्टन जॉन मेयॉलबरोबर रेकॉर्डिंगला गेला, तेव्हा त्याने असाच मार्शल स्टुडिओत कार्यक्रमाइतका मोठा लावला आणि कमी करायला नकार दिला. त्या तबकडीतला आवाज ऐकून जगभरची पोरं वेडी झाली. मी ती जवळजवळ वीस वर्षांनी, एका मित्राच्या कॅसेटवर ऐकली. कामातून गेलो ते गेलोच.

तर, माझा जुना ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प अठरा वर्षं इमाने इतबारे सेवा करून गेला. ट्रान्सफॉर्मर जळाला, दुरुस्तीवाल्याने हात जोडले. मला मनातून आनंदच झाला. कारण कित्येक वर्षं मी फेंडर डिलक्स रिव्हर्बसाठी पैसे बाजूला टाकत होतो. १९६३ पासूनचा हा अ‍ॅम्प, २२ वॅट, बारा इंची स्पीकर, खरे व्हॉल्व्ह, वजन सुमारे १९ किलो. ब्लूजवाल्याला याहून जास्त काय हवं! किंमत लाखाच्या पुढे. पण म्हटलं, एकदाच घ्यायचा, मरेपर्यंत वापरायचा.

नेमकं तेव्हाच बाबांच्या तंबोऱ्याचं निघालं.

बाबा गेले वर्षभर म्हणत होते की तंबोरा कोरडा वाजतो, जवारी गेली आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तंबोऱ्याची घोडी वरून रुंद आणि किंचित उतरती असते. तार तिला ओझरती घासत कंप पावते आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून ती जागा साधावी लागते. जागा साधली की एका तारेतून स्वरांचं मोहोळ उठतं, खर्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो. ती जवारी. शेवटी एका जाणकार कारागिराला घरी बोलावलं. त्याने तंबोरा छेडला, सूत हलवून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "काका, जवारी एकदम खुली आहे."

कोणी काही बोललं नाही. पुढच्या आठवड्यात कानांची तपासणी झाली.

तपासणीचा आलेख मी बराच वेळ बघत बसलो. १००० हर्ट्झपर्यंत बाबांचं ऐकणं वयाच्या मानाने छान. २००० च्या पुढे रेघ घसरगुंडीसारखी खाली. म्हातारपणी असंच होतं, वरचे स्वर आधी जातात. 'सात' आणि 'हात' यांत गोंधळ होतो, कारण स, श, फ ही सगळी मंडळी वरच्या मजल्यावर राहतात. तंबोऱ्याची ती चमकही तिथलीच. ८२ वर्षांचा माणूस रोज सकाळी तंबोरा जुळवत होता आणि त्याचा अर्धा आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता.

चांगल्या श्रवणयंत्रांच्या जोडीची किंमत ऐकली. जवळपास एक डिलक्स रिव्हर्ब.

आता इथे मी मोठ्या मनाने त्याग केला असं लिहिलं तर कुटुंबातली मंडळी हसतील. यंत्रं घ्यायचीच होती, त्यात प्रश्न नव्हता. पण अ‍ॅम्पचा विचार मी सोडला नाही, फक्त पुन्हा पहिल्यापासून केला. आणि तो करताना जे कळलं ते मला पैसे असते तरी कळायला हवं होतं, असं वाटतं.

पहिली गोष्ट वॅटची. १०० वॅटचा अ‍ॅम्प १० वॅटच्या दसपट मोठा वाजत नाही. दसपट वॅट केले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. त्यामुळे '२२ च्या ऐवजी ५ वॅटचा घेतला की शेजारी खूश' हा हिशोब चुकतो. गिटारचा चांगला स्पीकर एका वॅटला एक मीटरवर १०० डेसिबलच्या आसपास जातो. माणसं बोलतात ती ६० डेसिबलला. म्हणजे व्हॉल्व्हना खरोखर घाम फुटेल इतका ताण द्यायचा तर ५ वॅटचा चिमुकला अ‍ॅम्पसुद्धा फ्लॅटमध्ये दंगल घडवेल.

दुसरी गोष्ट कानाची. बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं की आवाज लहान झाला की कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर तुलनेने कमी ऐकू येतात. म्हणजे तोच अ‍ॅम्प, तीच बटणं, पण हळू वाजवलं की आवाज पातळ. लंडनच्या स्टुडिओत कान फोडणाऱ्या आवाजात जे घडलं ते ठाण्याच्या बेडरूममध्ये बोलण्याच्या आवाजात घडवायचं, तर तिथलं यंत्र इथे आणून भागत नाही.

आणि तिसरी गोष्ट बाबांच्या यंत्राने शिकवली. आठवडाभर घरी वापरून बघायला यंत्रं मिळाली होती. तपासणीच्या बंद खोलीत सगळं झकास ऐकू आलं. घरी आल्यावर मिक्सर लागला आणि बाबांनी दोन्ही काढून टेबलावर ठेवली. कानाजवळ हात नेला की शिट्टी वाजायची. स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि ओरडतो, तोच तो फीडबॅक. बीटल्सनी १९६४ साली 'आय फील फाइन'ची सुरुवात त्याच आवाजाने केली आणि आम्ही माना डोलावल्या. बाबांसाठी ती निव्वळ कटकट! तीन वेळा जाऊन यंत्रं जुळवून घेतली. तिथल्या बाईंनी एक वाक्य सांगितलं: यंत्र इथे कसं ऐकू येतं ते सोडा, तुमचा दिवस जिथे जातो तिथे कसं ऐकू येतं ते सांगा.

ते वाक्य घेऊन मी धोबीतलावला गेलो.

वाद्यांच्या दुकानात अ‍ॅम्प बघायची एक रीत असते. विक्रेता तो दणकून लावून देतो, आपली विजार फडफडते आणि आपण खिशात हात घालतो. मी उलट केलं. आमची एपिफोन लेस पॉल सोबत नेली होती. प्रत्येक अ‍ॅम्प त्या मुलाशी आवाज न चढवता बोलता येईल इतकाच लावायचा, आणि मग तीच दोन वाक्यं वाजवायची. एक संथ ब्लूजचं, एक रॉकचं. डिलक्स रिव्हर्ब त्या आवाजात अप्रतिम स्वच्छ वाजला, मधासारखा. पण फाटायला तयारच नाही, त्याला अजून बरंच वर न्यायला हवं होतं. फेंडरचा १५ वॅटचा ब्लूज ज्युनियर जरा लवकर मवाळ झाला. मार्शलच्या ओरिजिन २० ला वॅट कमी करायचं बटण आहे, २० वरून ३ आणि ३ वरून अर्धा. अर्ध्या वॅटवर तो खरोखर गोड खरखरला, पण तेव्हा आम्ही दोघं एकमेकांच्या कानात ओरडत होतो.

मग त्या मुलाने बॉसचा कटाना पुढे केला. ५० वॅट, आणि यालाही अर्ध्या वॅटपर्यंत उतरायची सोय. आत एकही व्हॉल्व्ह नाही. २०१६ साली बाजारात आलेली ही जात, सगळं काम इलेक्ट्रॉनिक्सने. मी नाक मुरडलं. पण वाजवला, आणि त्या बोलण्याच्या आवाजात, मंडळी, तो सगळ्यांत जास्त माझ्या मनातल्या आवाजाजवळ गेला. हलकं छेडलं तर स्वच्छ, जोरात ओढलं तर कडेने फाटणारा. ब्लूजला व्हॉल्व्हच हवेत म्हणणाऱ्यांनी हेही आठवावं की खुद्द बी. बी. किंगचा आवडता अ‍ॅम्प लॅब सीरिज एल ५, तोही ट्रान्झिस्टरचाच होता.

दणकून लावला असता तर डिलक्स जिंकला असता, यात मला शंका नाही. उद्या मला स्टेज मिळालं तर मी तोच मागेन. पण माझं वाजवणं रात्री नऊ ते दहा, मागच्या खोलीत, बाजूला झोपेला आलेलं घर. निवड त्या तासाची करायची होती.

कटाना घरी आला त्याला आता बरेच महिने झाले. पहिल्या आठवड्यात मी 'ए'मधला संथ ब्लूज वाजवत होतो आणि बाबा दारात येऊन उभे राहिले. यंत्रं कानात नव्हती.

"हे ऐकू येतंय मला," म्हणाले.

मी आवाज वाढवला होता म्हणून नाही. नंतर बसून ताडून पाहिलं. गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झ, सर्वांत वरचा पडदा १२०० च्या आत, आणि गिटारचा स्पीकर ५००० च्या पुढे जवळजवळ गप्पच होतो. वरचा मजला त्यात मुळात फारसा नाहीच. बाबांना जेवढं उरलं आहे, त्यातच याचा बहुतेक संसार आहे.

ते पलंगावर टेकले. मी पुन्हा वाजवलं, आधी स्वच्छ, मग गेन वाढवून. बाबा मान तिरकी करून ऐकत होते, कारागीर तंबोरा ऐकतो तसे. मग म्हणाले, "अरे, यात मोहोळ आहे. याचं सूत कुठे असतं?"

मी गेनचं बटण दाखवलं. त्यांनी स्वतः ते फिरवून पाहिलं, जास्त झालं म्हणून किंचित मागे आणलं आणि बोट काढलं. मी लावतो त्यापेक्षा जरा कमी. खरं सांगतो, त्या संथ ब्लूजला तेच बरोबर होतं.

तंबोरा यंत्रं लावूनही पूर्वीसारखा ऐकू येत नाही. त्यातला गाण्यासाठीचा वेगळा प्रोग्रॅम लावला तर बराच जवळ येतो, पण बाबांच्या भाषेत 'फोटोतल्यासारखा'. उरलेलंही हळूहळू जाणार, हे आम्हा दोघांना ठाऊक आहे. पुढच्या तपासणीत ती घसरगुंडी कुठून सुरू झालेली दिसेल, सांगता येत नाही. म्हणून हल्ली मी रोज वाजवतो. कंटाळा आला तरी, बोटं दुखली तरी.

अ‍ॅम्प घ्यायला निघालेल्या कोणी इथवर वाचलं असेल, तर माझा सल्ला एवढाच. वॅट, व्हॉल्व्ह, नावं सगळं बघा, तो वाचायचा आनंद मीही भरपूर घेतला. पण दुकानात गेलात की त्याला तुमच्या घराच्या आवाजात वाजवा. आणि जमलं तर घरातल्या एखाद्या माणसाला सोबत न्या. आपल्याबरोबर रोज तोही ऐकणार असतो.