मॉसन लेक्सचे घर आणि कोविडचे भाडे

आपल्या समाजातला माणूस परदेशी स्थायिक झाला की आरंभीची पुष्कळ वर्षे भाड्याच्या घरात काढतो. मग कर्ज काढून स्वतःचे घर घेतो, आणि पुढे देवाने हात दिला तर म्हातारपणाची सोय म्हणून आणखी एखादे लहानसे घर घेऊन ते भाड्याने देतो. इस्राएल असो, कॅनडा असो वा ऑस्ट्रेलिया, ही वाट बहुतेकांच्या परिचयाची आहे. अशा एका घराच्या धन्याला इकडे ‘लँडलॉर्ड’ म्हणतात. पण या लॉर्डाचे अर्धे घर बँकेचे असते, हे 2020 साली कोविडच्या साथीत आम्हांस पुरते कळून आले. ती हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मॉसन लेक्स हे ॲडलेड शहराच्या उत्तरेस सुमारे 12 किलोमीटरवर वसवलेले उपनगर. अंटार्क्टिकाचे संशोधक सर डग्लस मॉसन यांचे नाव त्याला दिलेले आहे. आखीव रस्ते, मानवनिर्मित तळी, 1982 साली सुरू झालेले टेक्नॉलॉजी पार्क आणि त्या वेळच्या युनिव्हर्सिटी ऑफ साउथ ऑस्ट्रेलियाचा कँपस, असा येथला थाट. त्यामुळे येथे भाडेकरू म्हणून परदेशी विद्यार्थी पुष्कळ येतात. आमच्या घरातही तिघे होते. दोघे नांदेडकडचे, एक नेपाळचा. येथे भाडे आठवड्याचे असते. आमचे 380 डॉलर. मुले आम्हांला काका-काकू म्हणत, पण भाडे मात्र एजंटामार्फत ठरल्या दिवशी येई.

20 मार्च 2020 रोजी ऑस्ट्रेलियाने परदेशी लोकांना आपल्या सीमा बंद केल्या. हॉटेले, कॅफे बंद पडले. आमची तिन्ही मुले अशाच ठिकाणी संध्याकाळची कामे करीत. एका आठवड्यात तिघेही घरी बसले. सरकारने नोकरी टिकवण्यासाठी पंधरवड्याला 1,500 डॉलरची ‘जॉबकीपर’ मदत जाहीर केली, पण विद्यार्थी व्हिसावरच्यांना ती नव्हती. उलट 3 एप्रिलला पंतप्रधान मॉरिसन यांनी, ज्या परदेशी विद्यार्थ्यांना स्वतःचा खर्च चालवता येत नसेल त्यांनी मायदेशी परतावे, अशा अर्थाचे उद्गार काढले. परतायचे कसे? भारतातही विमाने बंद होती.

इकडे 29 मार्चला राष्ट्रीय पातळीवर जाहीर झाले होते की, साथीमुळे भाडे थकले म्हणून भाडेकरूला सहा महिने घराबाहेर काढता येणार नाही. साउथ ऑस्ट्रेलियाने एप्रिलमध्ये तसा कायदा केला, अडचणीतल्या भाडेकरूचे भाडे वाढवण्यासही मनाई केली आणि पुढे मुदतही वाढवली. हे योग्यच झाले. साथीत माणसाला रस्त्यावर काढणे म्हणजे साथ रस्त्यावर सोडणे. मात्र पुष्कळांचा येथे गैरसमज झाला. कायद्याने हकालपट्टी थांबवली होती, भाडे माफ केले नव्हते. मालक व भाडेकरू यांनी आपसांत बोलून तोड काढावी, न निघाली तर लवादाकडे जावे, अशी ती व्यवस्था होती.

मालकाची बाजू अशी की, त्याचे देणे कोणी थांबवत नाही. कौन्सिलचे कर, इमारतीची वर्गणी, विमा, सारे वेळेवर भरावे लागते. आमच्या बँकेने सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची तयारी दाखवली. ऐकायला गोड! परंतु त्या सहा महिन्यांचे व्याज मुदलात मिळवले जाणार, आणि त्यावर पुन्हा व्याज. म्हणजे सवलत नव्हे, नवे कर्ज. राज्य सरकारने भाडे कमी करणाऱ्या मालकांना जमीन-करात 25 टक्क्यांपर्यंत सूट दिली. पण आमच्यासारख्या, एकच छोटे घर असलेल्यांना तो कर मुळातच थोडा, तेव्हा सूटही थोडीच. त्यातच मे महिन्यात गरम पाण्याची टाकी फुटली. भाडे अर्धे आले म्हणून दुरुस्ती अर्धी करता येत नाही. 1,400 डॉलर त्यात गेले.

आम्ही दोघांनी एका रात्री वही घेऊन हिशेब मांडला. घर रिकामे केले तर नवा भाडेकरू कोठून येणार? सीमा बंद, कँपस ओस. रिकाम्या घराचे भाडे शून्य. मुलांशी बोलून आठवड्याला 220 डॉलर ठरवले. उरलेले 160 साठवून ठेवावेत, नंतर वसूल करावेत, असा एजंटाचा सल्ला होता. तो आम्ही मानला नाही. सहा महिन्यांत ती रक्कम चार हजारांवर गेली असती. विद्यार्थ्याच्या डोक्यावर एवढे ओझे ठेवले तर तो एके दिवशी किल्ली टेबलावर ठेवून निघून जाईल. म्हणून ते सोडून दिले, आणि किती सोडले व केव्हापर्यंत, हे कागदावर लिहून सर्वांनी सह्या केल्या.

त्याच दिवसांत ठाण्याच्या आमच्या मावशीही घरमालकीणच होत्या. मागची एक खोली एका रिक्षावाल्याच्या कुटुंबाला दिलेली. कर्ज नाही, पण मावशींची औषधे त्या भाड्यातून येत. 17 एप्रिल 2020 रोजी महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागाने मालकांना किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलण्याची सूचना केली. मावशींनी ती वाचण्याआधीच भाडे मागणे सोडले होते. रिक्षा सुरू झाल्यावर त्या गृहस्थाने थोडे-थोडे करून बरेचसे फेडले. मधल्या काळात औषधांचे पैसे आम्ही इकडून पाठवत होतो. मालकाच्या मागेही खाणारी तोंडे असतात, हे तेथेही दिसले.

मुंबईला हा पेच नवा नाही. सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. तो मांडवीचा परिसर आपल्या पूर्वजांच्या वस्तीचा. लाखो लोक शहर सोडून गेले, चाळी ओस पडल्या, राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर सरकारी खुणा झाल्या. आपल्याच धर्माचे डॉ. हाफकिन यांनी जानेवारी 1897 मध्ये प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. 1898 च्या कायद्याने आलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, पण तेवढी नवी घरे लवकर उभी राहिली नाहीत. घरटंचाईत 1918 साली, युद्धकालीन तात्पुरता उपाय म्हणून, भाडेनियंत्रण आले. 1947 च्या कायद्याने तर भाडी 1940 च्या पातळीवर बांधली, आणि ती तशीच दशकानुदशके राहिली. मालकाने डागडुजी सोडली, इमारती झिजल्या, पागडी बोकाळली. त्या खोल्यांत आपल्यापैकी कितीतरी वाढले. संकटातील सवलतीला शेवटची तारीख नसली, तर भाडेकरूच्या डोक्यावरचे छप्परच अखेर गळते.

आमच्या सवलतीला तारीख होती. नेपाळचा मुलगा मध्येच परत गेला, त्याची खोली रिकामी राहिली. नोव्हेंबरमध्ये आमच्या शेजारच्या पॅराफील्डवरून ओळखली गेलेली साथ उफाळली; सहा दिवसांची टाळेबंदी जाहीर होऊन तीन दिवसांत उठली. पुढे नांदेडच्या मुलांना कामे मिळाली आणि 2021 च्या आरंभी पूर्ण भाडे सुरू झाले. विद्यार्थ्यांना सीमा खुल्या झाल्या त्या डिसेंबर 2021 मध्ये.

त्यानंतर वारे फिरले. ॲडलेडमध्ये भाड्याची रिकामी घरे शंभरात एकही मिळेना. एजंट म्हणाला, आठवड्याला शंभर वाढवा, रांग लागेल. मे 2022 पासून कर्जाचे व्याजही चढू लागले होते, तेव्हा आम्हीही वाढवले, पण 30 डॉलर. ज्यांनी अडचणीत 220 तरी नेमाने दिले, त्यांना तेजीत बाहेर काढणे आमच्या मनास पटले नाही. त्या मुलांनी पदवी घेऊन घर सोडले तेव्हा भिंतीही स्वतः धुऊन दिल्या.

आपल्यापैकी ज्यांनी असे एखादे घर घेतले आहे वा घेणार आहेत, त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते: सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय दुसऱ्या घराच्या फंदात पडू नये. अडचण आली की पहिल्याच आठवड्यात भाडेकरूशी बोलावे, आणि ठरेल ते तारखेसह लिहून घ्यावे. आमचे त्या वर्षी सुमारे पाच हजार डॉलर गेले. घर मात्र एक दिवसही बंद राहिले नाही.