गोव्याच्या अलीकडे

वर्गणी मागायला आलेल्या माणसाकडे बघायची पुण्यात एक खास नजर असते. पावतीपुस्तक पिशवीतून बाहेर यायच्या आधीच ती सुरू होते. आम्ही सहा जण किनाऱ्याकिनाऱ्याने सायकलीवर गोव्यापर्यंत जाणार आणि त्या निमित्ताने कोकणातल्या शाळकरी मुलींच्या सायकलींसाठी पैसे जमवणार, हे सांगायला लागल्यापासून ती नजर माझ्या वाट्याला भरपूर आली. बहुतेकांनी आकडा कबूल केला, पण आधी विचारलंच, "मुली कोकणातल्या, मग तुम्ही गोव्याला कशाला?" एका आत्येबहिणीने तर सरळ सांगितलं, "तू घरी बस, मी तसेही पैसे देते. गुडघे सांभाळ."

प्रश्न रास्त होता. मी घाट चढले म्हणून गुहागर तालुक्यातल्या कुठल्या मुलीच्या चाकात हवा भरली जात नाही. पण नुसतं 'द्या' म्हटल्यावर कुणी देत नाही आणि मागणाऱ्याचीही जीभ रेटत नाही. निमित्त लागतं. गणपती बसतात म्हणून वर्गणी निघते, आमची सायकल निघणार म्हणून आमची. आमच्यातले काका, म्हणजे सोसायटीतले, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, प्रत्येक बैठकीत बाबा आमट्यांच्या भारत जोडो यात्रेचा दाखला देत. १९८५च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून निघालेल्या त्या यात्रेत शंभरावर तरुण-तरुणी सायकलीवर होते आणि पाठीच्या दुखण्याने बसणंही अवघड झालेले बाबा गाडीत आडवे पडून सोबत होते. "ती यात्रा पैशांसाठी नव्हती, काका," मी म्हणे. "नसेना का," ते म्हणत, "सायकलवाल्याशी लोक थांबून बोलतात, एवढंच मला त्यातून घ्यायचंय."

पैशांचे नियम मात्र आम्ही नकाशा उघडायच्या आधी ठरवले. आमचं राहणं, खाणं, बोटीचं भाडं, परतीचं तिकीट, सगळं ज्याच्या त्याच्या खिशातून. जमलेल्यातला एक रुपयाही आमच्या पोहे-चहाला लागता कामा नये. दुसरं म्हणजे पैसे आमच्यापैकी कुणाच्या खात्यावर येणारच नाहीत, देणारा ते थेट ज्या संस्थेमार्फत सायकली द्यायच्या तिच्या खात्यात भरेल. प्राप्तिकरातल्या सवलतीसाठी लागणारी ८०जीची पावती संस्थाच देऊ शकते, आणि २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी त्या सवलतीत बसत नाही, म्हणून रोकड घ्यायचीच नाही. अडचण आली ती आमच्यासोबत येणाऱ्या माझ्या भाच्याच्या अमेरिकेतल्या मित्रमंडळींची. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांचे पैसे चालतात. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं ते कायद्याच्या हिशेबात परकीय. त्यांचे पैसे घ्यायला संस्थेकडे एफसीआरएची नोंदणी लागते, आणि आमच्या छोट्या संस्थेकडे ती नव्हती. एकाच खोलीत राहणारे दोन मित्र, एकाचे शंभर डॉलर चालणार, दुसऱ्याचे नाही. हे फोनवर समजावताना भाच्याच्या तोंडाला फेस आला.

मग पाहणी. सहा जणांना घेऊन निघण्याआधी रस्ता एकदा सायकलीवरूनच बघायचा, गाडीतून नाही, हा काकांचा हट्ट. गाडीतून चढ कळत नाही. बाकी चौघांपैकी दोघं भाऊ त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात अडकलेले, डॉक्टरबाईंची ओपीडी, भाच्याची परीक्षा; म्हणून काका आणि मी असे दोघंच जानेवारीतल्या एका पहाटे चांदणी चौकातून पौडच्या दिशेने लागलो.

दिशा विचारपूर्वक ठरवलेली होती. हिवाळ्यात किनाऱ्यावर दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा सुटतो. दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या तो पाठीशी असतो, उत्तरेकडे येणाऱ्याच्या तोंडावर. मुळशीचं पाणी उजवीकडे ठेवत ताम्हिणीपर्यंत थंडीने बोटं आखडली होती. विळ्याला उतरेपर्यंत हातातल्या ब्रेकांनी ती आणखी दुखायला लागली, आणि निजामपूर-माणगावला पोचलो तेव्हा अंगातलं जर्किन काढून कॅरिअरला बांधावं लागलं.

आम्हा पुणेकर सायकलवाल्यांचं एक माप आहे : सिंहगड. पायथ्यापासून वर साधारण सहाशे मीटर चढ. कोकणचा रस्ता मोजायला हेच माप उपयोगी पडतं, किलोमीटर नाही. देशावर सव्वाशे किलोमीटर मारणारा माणूस इथे साठ-सत्तरला जेरीस येतो. गाव खाडीच्या काठाला, गावातून बाहेर पडलं की घाटी, घाटी संपली की कातळाचा सडा, सड्यावर जरा श्वास घेतो तोवर पुढच्या खाडीकडे उतार. उतार सुखाचा वाटतो. पण पलीकडची चढण तिथूनच दिसत असते. लाडघर सोडून बुरोंडीमार्गे दाभोळकडे जाताना काकांनी मोबाइलवर चढाचा आलेख बघितला आणि म्हणाले, "आज दीड सिंहगड झाला, आणि अजून चहाही नाही." त्या रात्री वहीत आम्ही सगळे मुक्काम नव्याने लिहिले. साठच्या वर कुठलाच दिवस नाही. अपवाद फक्त पहिल्या दिवसाचा, पाय ताजे असताना. सहा जणांचा वेग सगळ्यात हळू माणसाचा असतो, आणि तो माणूस रोज वेगळा असतो.

मुरूडचं थोडं सांगायला हवं. दापोलीजवळचं हे मुरूड म्हणजे महर्षी कर्व्यांचं गाव. सतराव्या वर्षी धोंडो केशव परीक्षेला बसण्यासाठी इथून साताऱ्याला पायी गेले, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. पुढे ते मुंबईत गेल्यावर त्यांनी मुरूडकरांकडून वर्गणी जमवून 'मुरूड फंड' काढला, गावच्या कामांसाठी, शाळेसाठी. १९१६ साली महिला विद्यापीठ काढणारा माणूस आयुष्यभर आणा-दोन आणे मागत फिरला. मी हे सुरूच्या झाडांखाली बसून काकांना ऐकवत होते. काका आंबोळी संपवत म्हणाले, "आणि आपल्याला ऑनलाइन मागायची लाज वाटते."

दाभोळच्या जेटीवर गाड्यांची रांग होती. खाडीपलीकडे धोपावे समोर दिसतं, बोटीने पंधरा मिनिटंही लागत नाहीत. रस्त्याने जायचं तर दापोली, खेड, चिपळूण करत शंभर किलोमीटरच्या वर वळसा. म्हणजे ही बोट चुकली तर वेळापत्रक कोसळलं. रेवस ते रेड्डी असा सागरी महामार्ग नकाशावर सलग रेघ दिसतो, पण बाणकोटच्या, दाभोळच्या आणि जयगडच्या खाडीत ती रेघ पाण्यात बुडते. बागमांडल्याहून वेश्वीला, दाभोळहून धोपाव्याला, तवसाळहून जयगडला, तिन्ही ठिकाणी फेरीबोट. तोंडाची लोखंडी झडप जेटीवर आपटते, आधी मोटरसायकली सुटतात, मग गाड्या, मग माणसं. सायकलवाले कशात मोडतात हे कुणालाच पक्कं माहीत नसतं. भरती-ओहोटीप्रमाणे झडपेचा उतार बदलतो. ओहोटीला तो शेवाळलेला आणि तिरका, क्लीटचे बूट घालून उतरलात तर सरळ खाडीत. यादीत लिहिलं : जेटीवर साध्या चपला.

गुहागर ओलांडून हेदवीच्या पुढे, तवसाळकडे जाणाऱ्या सड्यावर, ती शाळा आहे. सायकली द्यायच्या शाळांतली ही पहिली, म्हणून पाहणीत तिथे थांबायचं ठरलेलंच होतं. मुख्याध्यापिकाबाई बाहेरच उभ्या होत्या. आमच्या सायकलींकडे, त्यांच्या बारीक टायरांकडे आणि काकांच्या हेल्मेटकडे त्यांनी नीट बघून घेतलं, कोकम सरबत दिलं आणि मग म्हणाल्या, "चला, मागे दाखवते."

मागे पत्र्याच्या शेडमध्ये सायकली उभ्या होत्या. पूर्वी कुणीकुणी दिलेल्या. दहा-बारा तरी असतील. तीन धावत्या, बाकीच्या गंजलेल्या. मी एकीचा पेडल फिरवून बघितला. फ्रीव्हील इतका जाम की मागचं चाक पुढेमागे पेडलबरोबरच हलायचं. साखळीच्या कड्या तांबूस झालेल्या, खाऱ्या हवेने स्पोकच्या टोकाला पापुद्रे सुटलेले. टायर मात्र बऱ्यापैकी. एका सायकलीला ट्यूबच्या वॉलचं रबर कुजलं होतं. पन्नास पैशांचं रबर म्हणा ना. त्यासाठी सायकल वर्षभर उभी. पंक्चरचं दुकान गुहागरला.

"टायर टिकतात हो," बाई म्हणाल्या, "आमच्या मुलींचं ब्रेकचं रबर जातं. बघा ना, वाड्या सगळ्या खाली, शाळा वर. सकाळी येताना सायकल ढकलत आणायची, आणि संध्याकाळी घरी जाताना उतार. सगळा उतार ब्रेकवर. रबर संपलं की पाय जमिनीला घासत जातात. मागच्या पावसाळ्यात एकीचं कोपर फुटलं, मग आईने सायकल बंद केली."

काकांनी खाली बसून एका ब्रेकचं रबर नखाने तपासलं. रबर नव्हतंच, लोखंडाची कडा रिमवर घासून चकचकीत खाच पडली होती. त्यांनी आपल्या पिशवीतून पाना काढला, चपळाईने ती ब्रेकजोडी सोडवली आणि धावत्या सायकलींपैकी एकीला जरा बरी जोडी बसवून दिली. शेडच्या दारात सहा-सात मुली जमल्या. त्यातल्या एकीने विचारलं, "हे आम्हाला करता येईल?" काकांनी तिच्याच हातात पाना दिला. नट उलटा फिरवला तिने, मग स्वतःच हसली आणि सुलटा फिरवला.

त्या दुपारनंतर आम्ही दोघं बराच वेळ बोललो नाही, म्हणजे रस्त्याचा चढ तसा होता म्हणूनही. जयगडच्या बोटीत काकांनी विषय काढला. साधी मुलींची सायकल साडेपाच हजारांच्या आसपास पडते. चाळीस सायकलींचा आकडा आम्ही पत्रकात छापला होता. "बत्तीस द्यायच्या," ते म्हणाले, "आणि उरलेल्यात प्रत्येक शाळेला पायपंप, पाने, सोल्युशन, पॅच, वॉलचं रबर आणि ब्रेकची रबरं डबाभर. आणि आपण नुसते फोटो काढून पुढे जायचं नाही. अर्धा दिवस थांबून पंक्चर काढायला शिकवायचं." मी म्हटलं, देणगीदारांना चाळीस सांगितलंय. "मग आता बत्तीस सांगायचं. कारणासकट."

रत्नागिरीपर्यंतचा रस्ता म्हणजे कोकणाच्या जाहिरातीत दाखवतात तोच. आरे-वारेच्या वळणावर गाड्या थांबवून लोक सेल्फी काढतात, त्यांच्यामधून सायकल काढणं हाच काय तो त्रास. पावस, कशेळी, जैतापूरचा पूल, देवगडच्या आमराया, कुणकेश्वर. हे सगळं मी वहीत दोन ओळींत आटपलंय, कारण तिथे नियोजनाला काही अडत नाही. पाणी मिळतं, खोली मिळते, चढ तेवढेच.

मालवणात रात्री खानावळीत मालकाने वाढता वाढता विचारलं, "सायकलीन? पुण्यासून? कित्याक ओ?" मी मुलींच्या सायकलींची सगळी कथा सांगितली. त्याने सोलकढीची वाटी पुन्हा भरली आणि म्हणाला, "मगे सायकली टेम्पोत घालून हाडा. तुमी कित्याक चालयतास?" काकांना ठसका लागला. पण जाताना त्याने गल्ल्यातून पाचशेची नोट काढून पुढे केली. आम्ही रोख घेत नाही म्हणून संस्थेचा क्यूआर कोड दाखवला; त्याने तिथल्या तिथे पैसे भरले आणि पावती कोणाच्या नावाने हवी विचारलं तेव्हा मुलीचं नाव सांगितलं.

वेंगुर्ल्याहून शिरोड्याला पोचलो तेव्हा गोवा हाकेच्या अंतरावर होता. रेड्डी, मग तेरेखोलची खाडी, की झालं. शिरोड्याच्या चौकातच आम्ही शेवटचा मुक्काम बदलला. यात्रा इथेच संपवायची. १९३०चा मिठाचा सत्याग्रह झालेलं हे गाव, आणि वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ इथल्याच शाळेत शिकवत होते. शाळेसाठी निघालेल्या सायकली शाळेच्या गावात थांबल्या तर 'गोव्याला कशाला' हा प्रश्नच उरत नाही. सावंतवाडी रोड स्टेशन गाठता येतं, तिथून सायकल लगेज म्हणून ब्रेक व्हॅनमध्ये चढवता येते. फक्त भाचा नाराज झाला. त्याने फोनवर विचारलं, "मामी, तेवढं उरलेलं आपापल्या खर्चाने करता येईल ना?" करता येईल, पण पत्रकात नाही, असं ठरलं.

पुण्यात परत आल्यावर सगळ्या देणगीदारांना बत्तीस सायकलींचं पत्र गेलं. दोघांनी पैसे मागे घेतले, एकाने वाढवले, बाकीचे गप्प. हार्डवेअरवाल्या भावांनी पाने आणि पंप घाऊक भावात आणायचं कबूल केलं आणि डॉक्टरबाई सध्या रोज रात्री स्वयंपाकघरात घमेल्यात पाणी घेऊन ट्यूबचे बुडबुडे शोधायला शिकतायत.

परवा मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. आम्ही शनिवार कळवला होता. "शनिवारी शाळा सकाळची असते हो, अकराला मुली घरी जातात. सोमवारी या, दुपारी. पूर्ण दोन तास देते." सोमवार धरून आम्ही मागे मोजत गेलो. रविवारी रात्री मुरूड, शनिवारी हरिहरेश्वर, शुक्रवारी माणगाव. म्हणजे पुण्याहून शुक्रवारी पहाटे निघायचं. शुक्रवारी डॉक्टरबाईंची ओपीडी असते. ती कोण सांभाळणार, याची फोनाफोनी आता चालू आहे.