डायलिसिसचा वार चुकवू नका

बियाणे कोणते घ्यावे, खताची मात्रा किती द्यावी, हे मी तुम्हांला तीस वर्षे सांगत आलो. आज मात्र घरातली गोष्ट सांगावयाची आहे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात ज्यांच्या घरी मूत्रपिंडाचा रोगी आहे, त्यांनी ती जरूर वाचावी. इतरांनीही वाचून ध्यानात ठेवावी.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो, सिंदेवाही तालुक्यात पाच एकर धान करतात. मधुमेहाने व रक्तदाबाने त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आणि डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून दोन वार, दर खेपेस चार तास. पहाटेची एस.टी. धरायची आणि दिवेलागणीला घरी परतायचे.

पहिले सहा महिने ठीक गेले. मग रोवणी लागली आणि भाऊंनी एक वार चुकविला. मी त्याच सायंकाळी गावी गेलो आणि सभेत बोलावे तसा तासभर बोललो. भाऊ नुसते ‘हो, हो’ म्हणाले. पुढचा वारही चुकला. पालथ्या घड्यावर पाणी, असे म्हणून मी रागाने गप्प बसलो. दोन दिवसांनी मध्यरात्री वहिनींचा फोन आला. भाऊंना आडवे पडवत नव्हते, धाप लागली होती, पाय सुजले होते. गाडी करून रातोरात रुग्णालय गाठले. तातडीने डायलिसिस झाले म्हणून भाऊ वाचले.

असे का होते? तलावाला सांडवा असतो. तो बुजला तर पाणी बांधावर चढते. मूत्रपिंड हा शरीराचा सांडवा. निरोगी मूत्रपिंड रात्रंदिवस काम करते. यंत्राला मात्र आठवड्यात आठ ते बारा तासच मिळतात. लघवी होत नसेल तर प्यालेले पाणी, ताक, वरण सारे अंगात साचते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. दुसरा धोका पोटॅशियमचा. पिकाला आपण पोटॅश देतो, त्यातलेच हे मूलद्रव्य. रक्तात ते फार वाढले तर चालते हृदय बंद पडू शकते.

हॉलंडमध्ये डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली हे यंत्र प्रथम रोग्यासाठी वापरले. १९६० साली अमेरिकेत डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी रक्तवाहिनीत कायम ठेवता येईल अशी नळी बसविली आणि असे रोगी वर्षानुवर्षे जगू लागले. आपल्याकडे २०१६ साली केंद्र सरकारने जिल्हा रुग्णालयांतून गरिबांसाठी मोफत डायलिसिसचा कार्यक्रम जाहीर केला. यंत्र जिल्ह्यापर्यंत आले. पण रोगी घरातून निघेल की नाही, ते यंत्राच्या हाती नाही.

भाऊ सावरल्यावर रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक बाई खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या. ‘का आला नाहीत?’ असे त्यांनी विचारलेच नाही. ‘भाऊ, यायच्या दिवशी घरी काय काय अडतं?’ एवढेच विचारून त्या थांबल्या.

भाऊ बराच वेळ छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘बाई, माझ्यासंगे ही येते. ऐन रोवणीत तिची दोन दिवसांची मजुरी बुडते. मशीनवर पायांत गोळे येतात, जीव नको होतो. आणि खरं सांगू? घरावर भार होऊन जगायचं तरी कशाला?’

मी मान खाली घातली. शेतकरी ओळीत रोवणी करीत नाही तो अडाणी म्हणून नव्हे, दोर धरायला माणूस नसतो म्हणून, हे मीच सभांतून सांगत असे. सख्ख्या भावाला मात्र त्याची अडचण मी एकदाही विचारली नव्हती.

बाईंनी एकेक गाठ सोडविली. दोन खेपांमध्ये पाणी फार साचले की यंत्राला ते एकदम ओढावे लागते आणि गोळे येतात. मीठ कमी केले की तहानही कमी लागते, हे त्यांनी सिस्टरांकडून भाऊंना समजावून दिले. शेजारच्या गावचा एक रोगी त्याच दिवशी येत असे. त्या दोघांची जोडी लावून दिली. वहिनींची फेरी वाचली. एस.टी.च्या सवलतीचे कागद करून दिले. शेवटी विचारले, ‘बांधीतलं पाणी कोण पाहतं?’

‘मीच.’

‘मग भार कसा?’ भाऊ त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

तेव्हा तुमच्या घरी असा रोगी असेल तर रागावण्याआधी विचारा. रोवणी, कापणी, लग्नकार्य यांचा विचार आधीच करून केंद्राशी बोला. वार बदलून मिळतो का पाहा. पुराने रस्ता बंद होण्याची चिन्हे असतील तर आधीच फोन करा. वार चुकलाच तर त्याच दिवशी कळवा आणि पाणी, मीठ, फळे यांवर कडक लक्ष ठेवा. डॉक्टरांनी ठरवून दिलेले पाणी सकाळीच बाटलीत भरून ठेवा. केळी, नारळपाणी, आंबा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको; कमरख तर मुळीच नको, मूत्रपिंडाच्या रोग्याला ते विषासमान आहे. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते, तेही टाळा. ज्या हातावर फिस्टुला केला आहे, त्या हाताने धानाचा भारा उचलू नये, त्यावर रक्तदाब मोजू देऊ नये आणि तेथील थरथर रोज बोट ठेवून पाहावी. ती थांबली तर तडक रुग्णालय गाठावे.

यंदाच्या रोवणीत भाऊ धुऱ्यावर बसून बायांना ओळी दाखवीत होते. वार आला की पहाटे एस.टी.त असत. कधी कधी अजूनही त्यांचे मन कच खाते. मग मी फोन करतो. भाषण देत नाही. एवढेच विचारतो, ‘भाऊ, आज काय अडलं?’