झोप झाली, थकवा तसाच!

कोल्हापुरात एकवेळ आजारी पडावं, पण थकू नये. ताप आला तर लोक डबा घेऊन येतात, थकवा आला तर सल्ले! 'गंगावेशीत जा, म्हशीचं धारोष्ण दूध पी.' 'भावा, पांढरा रस्सा ओढ की दोन वाट्या.' 'पहाटे रंकाळ्यावर पळ.' पैलवानांचं गाव, उपाय असेच असणार. आमचे आबा तर तरुणपणी तालमीत घुमलेले. जोर-बैठकांनी जात नाही असा आजार त्यांना मान्यच नाही.

माझं झालं असं, की दीड वर्षापूर्वी एक साधा व्हायरल ताप आला आणि गेला. थकवा मात्र मुक्कामाला राहिला. शाहूपुरीतल्या ऑफिसचा जिना चढलो की मांड्या भरून येतात. नऊ तास झोपूनही अंग जडच. जीएसटीचे आकडे डोळ्यांपुढे असतात, डोक्यात शिरत नाहीत. एका रविवारी हौसेने जोतिबाचा डोंगर चढून आलो, तर सोमवारी काही नाही आणि मंगळवारी थेट आडवा! थायरॉइड, शुगर, हिमोग्लोबिन, सगळे रिपोर्ट नॉर्मल. एका डॉक्टरांनी 'लग्न करा, बरं वाटेल' असंही सांगून पाहिलं.

दुसऱ्या डॉक्टरांनी नाव दिलं: क्रॉनिक फटिग सिंड्रोम. सहा महिन्यांहून जास्त टिकलेला थकवा, झोपूनही ताजं न वाटणं आणि श्रमांनंतर सगळंच बळावणं, या त्याच्या खुणा.

मग मी वाचत सुटलो आणि 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' भेटला. बॉस देतो तो स्ट्रेस हा नव्हे! आपल्याकडचं गुऱ्हाळ आठवा. चुलवाणात चिपाडं जळतात, काहिलीत रस उकळतो, धूर धुराड्यातून जातो. पेशींतही अन्न ऑक्सिजनच्या मदतीने 'जळतं' आणि थोडा 'धूर' होतोच. तो आवरायला शरीराकडे ग्लुटाथायोनसारखे अँटिऑक्सिडंट असतात. ते कमी पडले की धूर आत कोंडतो, पेशींचं नुकसान होतं. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २०१२ मध्ये अशा रुग्णांच्या मेंदूत ग्लुटाथायोन निरोगी माणसांपेक्षा ३६ टक्के कमी असल्याचं मांडलं. पण पाहणी लहान होती, आणि डिप्रेशनच्या रुग्णांतही तेच दिसलं. म्हणजे धुरामुळे थकवा, की थकव्यामुळे धूर, हा प्रश्न उरतोच. त्यामुळे अँटिऑक्सिडंटच्या महागड्या गोळ्या विकणाऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार!

एक पाहणी मात्र घरात जाऊन भिडली. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या बायकांची पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध केली. १२ टक्के बायकांना सहा महिन्यांहून जास्त थकवा होता. हा सगळा माझा आजार नव्हे, नुसता थकवा. पण त्याचा हिमोग्लोबिनशी संबंध आढळला नाही. आढळला तो कर्जाशी, उपासमारीशी, नवऱ्याच्या जबरदस्तीशी. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आम्हाला कुणी इचारलंच न्हाई." आणि भाकरी थापायला लागली. त्यावर मला काही बोलता आलं नाही.

आबांसाठी वेगळी बातमी होती. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०२१ मध्ये या आजारात टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला मागे घेतला. आता भर आहे तो ताकद मोजून खर्च करण्यावर. आबांनी ऐकून घेतलं. "इंग्रजांना काय कळतंय तालमीतलं?" एवढंच म्हणाले.

मी मात्र मोजायला लागलोय. या रविवारी गडहिंग्लजला मित्राचं लग्न आहे. अक्षता टाकणार, जेवणार आणि निघणार; वरातीत नाचायला मी नाही. मंगळवारची रजा आत्ताच टाकून ठेवलीये.