कूर्मदासाची वारी

गेल्या महिन्यात माझ्या मुलीने माझ्याकडे कासव मागितले. शहरातल्या एका दुकानात काचेच्या पेटीत तिने ती पाहिली होती. कानाशी लाल पट्टा असलेली, हिरवी, तळहातावर मावतील एवढी पिल्ले. हट्ट करण्यापूर्वी युक्तिवाद तयार ठेवायचा, हा गुण तिने आईकडून घेतला आहे. ती म्हणाली, "बाबा, ते भुंकत नाही, त्याचे केस गळत नाहीत, आणि कासवच ते, पळून तर मुळीच जात नाही!"

पहिले दोन मुद्दे मी निमूटपणे मान्य केले. तिसऱ्याला मात्र दचकलो. कासव पळून जात नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी कासव पाळलेले नसते. माझे पळून गेले होते, आणि त्याला शोधायला आमची अर्धी आळी भर पावसात बाहेर पडली होती.

ही गोष्ट 1990 सालची, टेंभुर्णीची. पुण्याहून सोलापूरला जाणाऱ्यांना टेंभुर्णी ठाऊक असते ती बहुधा चहापुरती. गाडी थांबते, पाय मोकळे होतात, गाडी सुटते. आम्ही मात्र तिथे राहत होतो. अण्णा शाळेत मास्तर. मोठ्या रस्त्यापासून थोडे आत दोन खोल्यांचे भाड्याचे घर, मागे परसू, परसात सिमेंटचा एक हौद, आणि परसाच्या कुंपणापलीकडे उतारावर ओढा. उजनीचे धरण 1980 साली पुरे झाले, आणि मीही त्याच सालचा. त्यामुळे धरण नि मी एका वयाचे आहोत, असा एक फुकटचा अभिमान मी बाळगून असे.

त्या उन्हाळ्यात कालव्याचे पाणी बंद झाले होते. चारीच्या ओल्या चिखलात आम्ही पोरे खेकडे उकरीत असता माझ्या हाताला ताटलीएवढे काहीतरी गुळगुळीत लागले. ओढून काढले तर कासव! पाठ दगडासारखी टणक नव्हे, तर वर कातडे ताणून बसवल्यासारखी. पोटाशी, मागच्या पायांच्या जागी, दोन झडपा. पाय आत घेतले की झडपा मिटत आणि दार बंद होई. मी ते घमेल्यात घालून मिरवीत घरी आणले.

आजीने कपाळाला हात लावला, पण नावही तिनेच ठेवले: कूर्मदास. आमच्या माढे तालुक्यातच लऊळ आहे. हातपाय नसलेला संत कूर्मदास पैठणहून पंढरीला निघाला तो जमिनीवर सरपटत, आणि लऊळला पोहोचल्यावर त्याचे बळ सरले, तेव्हा विठ्ठलच त्याला भेटायला तिथे आला, अशी कथा. आजीने ती सांगितली आणि आमच्या हौदात एका संताची स्थापना झाली.

पहिले पंधरा दिवस कूर्मदासाचे राज्य होते. शाळेतली पोरे दर्शनाला येत. मी गांडुळे शोधून आणी, पोळीचे तुकडे टाकी. सोळाव्या दिवशी मला एक जुनी सायकल मिळाली. पुढचे मी सांगायला नको. ज्याच्या घरी पाळलेला प्राणी आणि मूल दोन्ही आहेत, त्याला ते ठाऊक आहे. आई हौद धुताना त्याला पाणी बदली, उरलेसुरले घाली. मी मात्र एक काम केले होते, आणि ते कोणालाच सांगितले नव्हते. एकदा कूर्मदास हौदाच्या काठावर पाय टेकताना दिसला, म्हणून मी त्याच्या मागच्या पायाला सुतळी बांधली आणि तिचे दुसरे टोक नळाच्या तोटीला. गाठ घट्ट मारली. मग सायकलवर बसून निघून गेलो.

आषाढ लागला. पंढरपूरच्या रस्त्याने दिंड्या जाऊ लागल्या. एका रात्री असा पाऊस झाला की पत्र्यावर कोणी धान्याची पोती ओतते आहे असे वाटावे. सकाळी उठून पाहतो तो हौद काठोकाठ भरलेला, कूर्मदास नाही, आणि तोटीला सुतळीचे वीतभर तुटके टोक.

मी रडू लागलो. आजी म्हणाली, "गेला असंल पंढरीला. रडतूस कशाला?" सगळे हसले. मला हसू येईना. कारण उरलेली सुतळी, चांगली दोन हात, त्याच्या पायाला होती, हे फक्त मला ठाऊक होते. ती कुठे अडकली तर? पाण्याखाली एखाद्या मुळीत गुंतली तर? कासवालाही श्वासासाठी वर यावे लागते, हे मी हौदाशी बसून पाहिले होते. पण सांगावे कसे? सांगितले तर बांधली कोणी, हा प्रश्न येणार होता.

शेजारचे शिंपीकाका मशीन थांबवून आले. पंक्चरवाले चाचा बॅटरी घेऊन आले आणि रस्त्याकडेची गटारे पाहू लागले. मालगाड्यांच्या चाकांची भीती सर्वांनाच होती. चाचा येणाऱ्या ट्रकला हात करून विचारीत, "काय हो, कासव बघितलं का वाटंला?" एका ड्रायव्हरने शांतपणे विचारले, "कुणाचं?" जणू कासवाच्या पाटीवर मालकाचे नाव असते! अण्णा धोतर खोचून छत्री घेऊन उभे होते आणि शाळेच्या सवयीने माणसांच्या रांगा लावीत होते. एरवी पाण्याच्या नळावरून एकमेकींशी अबोला धरलेल्या दोन काकूही एकाच कर्दळीच्या ताटव्यात शेजारी शेजारी वाकल्या होत्या.

अखेर कोणीतरी भोई आजोबांना बोलावले. त्यांचे सारे आयुष्य भीमेच्या पाण्यावर गेलेले. त्यांनी हौद पाहिला, तोटीचे टोक पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "पोरा, दोरी किती हाय त्याच्या पायाला?"

मी सगळे सांगून टाकले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "मग रस्त्याला न्हाई बघायचं. त्यो पाण्याकडंच जाणार. चिखलात दडलेलं जित्राब ते. पाऊस आला की उठतं नि पाणी धुंडतं. पळालं न्हाई ते, त्याची येळ झाली." सगळी मंडळी कुंपण ओलांडून उताराने ओढ्याकडे निघाली. वाटेत त्यांनी कोणालाही सुतळीचे सांगितले नाही. "दोरीबिरी दिसली तर सांगा रं," एवढेच ओरडले, जणू ती सहज सुचलेली गोष्ट होती.

दोरी दिसली ती शिंपीकाकांना. दोरा शोधणारे डोळे त्यांचेच! ओढ्याच्या काठी बाभळीच्या उघड्या मुळीला सुतळीचा वेढा पडला होता, आणि त्याच्या टोकाला, पाण्यापासून चार हातांवर, कूर्मदास. ओढून ओढून पाय सोललेला. आजोबांनी विळ्याच्या टोकाने गाठ कापली आणि त्याला ओल्या मातीवर ठेवले.

आता इथे मी म्हणावे की मी त्याला मुक्त केले. तशा गोष्टी वाचायला बऱ्या वाटतात. खरे असे की माझ्या हातात घमेले होते आणि मला तो परत हवा होता. मी अण्णांकडे पाहिले, शिंपीकाकांकडे, चाचांकडे, दोन्ही काकूंकडे. उचल, असे कोणी म्हणेल म्हणून वाट पाहिली. कोणीच बोलले नाही. सगळे भिजत उभे होते आणि त्या मिटलेल्या झडपांकडे पाहत होते. बऱ्याच वेळाने एक झडप किलकिली झाली. नाकाचा सोंडेसारखा शेंडा बाहेर आला. मग मान, मग पाय. दुखरा पाय ओढीत तो चार हात चालला, आणि ओढ्याच्या गढूळ पाण्यात दिसेनासा झाला. काकूंपैकी एकीने हात जोडले. आजोबांनी सुतळीचा तुकडा माझ्या हातात दिला आणि काही न बोलता निघून गेले.

पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो. कासवी आपल्या पिल्लांना केवळ दृष्टीने पोसते, ही आपल्या संतांची आवडती कल्पना मी दरवर्षी वर्गात समजावून सांगतो. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हे खरं आहे का?" खरे नाही. कासवी अंडी घालते, वर माती सारते आणि निघून जाते. पिल्लांना ती कधी पाहतही नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची घरटी राखतात ती माणसे. शंभराच्या आसपास अंडी, दीड-दोन महिने पहारा, आणि मग समुद्राकडे धावणारी पिल्ले. तिथली आई केव्हाच लाटांत गेलेली असते. पाहण्याचे काम गावाने उचलले आहे.

तरीही ती उपमा मला खोटी वाटत नाही. जवळ होता तेव्हा मी कूर्मदासाकडे पाहिले नाही, फक्त बांधून ठेवले. त्या सकाळी मात्र दहा-बारा जोड्या डोळे त्याच्यासाठी चिखलात फिरत होते, आणि एक जोडी म्हाताऱ्या डोळ्यांनी माझ्यासारख्या पोरालाही सांभाळून घेतले. पाळणे म्हणजे काय, ते मला त्या दृष्टीने शिकवले. आपल्या नदी-ओढ्यांतली कासवे घरी ठेवणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे मला पुष्कळ नंतर कळले. कायदा तेव्हाही अठरा वर्षांचा होता. मी दहाचा होतो.

मुलीला मी हे सारे सांगितले. दुकानातली ती लाल कानांची पिल्ले मूळची अमेरिकेतली. वाढली की घरात नकोशी होतात, मग लोक ती तळ्यात सोडतात आणि ती आपल्याकडच्या कासवांच्या तोंडचा घास घेतात, हेही सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "बाबा, त्याचा पाय बरा झाला असेल का?"

पस्तीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी स्वतःला तो रोज आषाढात विचारतो. "झाला असेल," मी म्हणालो. मग तिने कासव मागितले नाही. टेंभुर्णीचा तो ओढा दाखवाल का, एवढेच विचारले. दिवाळीच्या सुट्टीत जायचे ठरले आहे.