टनभर द्राक्षांतले तांदळाचे दोन दाणे

दिवाळीच्या दिवसांत निफाड-दिंडोरीकडच्या बागांत फळछाटणी होऊन कोवळी फूट निघालेली असते. पाऊस रेंगाळला की डाऊनी रोगाची धास्ती, मग अभ्यंगस्नान राहते बाजूला आणि पहाटे फवारणीचा ब्लोअर सुरू होतो. तीच द्राक्षे मला फेब्रुवारीत भेटतात, प्रयोगशाळेत, लगदा होऊन आलेली. औषधांचे अवशेष मोजणे हे माझे काम.

2010 साल नाशिकचा बागायतदार विसरलेला नाही. युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपले ‘सीसीसी’, सापडले आणि कंटेनर अडकले. वेलीची धाव रोखून काडीत घड धरावेत म्हणून वापरले जाणारे हे संजीवक. तिकडची मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम. टनभर द्राक्षांत 50 मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाचे दोन-तीन दाणे! आपल्याकडे निर्यातीआधी तपासणी होतच होती, पण तपासायच्या यादीत हे नावच नव्हते. यंत्राला जे विचारले नाही, ते यंत्राने सांगितले नाही.

नॅनो तंत्रज्ञानाकडे मी पाहतो ते या अनुभवातून. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सोन्याचे वीस-तीस नॅनोमीटरचे कण पाण्यात सोडले की पाणी पिवळे नव्हे, माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरेडेने 1857 मध्ये या रंगाचा अभ्यास मांडला होता. कोविडच्या घरगुती चाचणीत उमटणारी लाल रेघ बहुधा याच कणांची असते. दुधातली प्रतिजैविके ओळखायलाही अशा पट्ट्या वापरतात. या दुधाच्या पट्टीत सोन्याच्या कणांवर एक प्रतिपिंड चिकटवलेले असते. नमुन्यात औषध असेल तर ते प्रतिपिंडाला आधीच धरून ठेवते, कणांना रेघेवर थांबता येत नाही आणि रेघ फिकी पडते. रेघ गेली, तर औषध आहे.

अशी पट्टी बांधावर हवी, असे मला मनापासून वाटते. आमचे यंत्र महागडे, नमुना शहरापर्यंत आणावा लागतो, अहवालाची वाट पाहावी लागते आणि घड तर काढणीला आलेले असतात. काढणीच्या आधी दहा मिनिटांत इशारा मिळाला, तर तोडा चार दिवस पुढे ढकलता येईल. मात्र पट्टी आपल्या एकाच औषधाला, फार तर त्याच्या भावंडांना ओळखते. बाकीच्यांपुढे ती आंधळी. प्रयोगशाळेची जागा ती घेणार नाही.

पॅकिंगमध्येही नॅनो कामाचे आहे. प्लॅस्टिकच्या थरात मातीचे अतिसूक्ष्म पापुद्रे मिसळले की प्राणवायूला वळसे घालत यावे लागते आणि आतला माल जास्त टिकतो. खाण्यातच नॅनो कण मिसळायचे म्हटले, की मात्र माझा हात आखडतो. पदार्थ पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायच्या टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये काही कण नॅनो आकाराचे असतात. ते जनुकांना इजा करत नाहीत, अशी खात्री देता येत नाही, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2021 मध्ये सांगितले आणि 2022 मध्ये तिथे त्यावर बंदी आली. नुसत्या शुभ्रतेसाठी एवढी जोखीम घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

खाण्यात जाणारा काजूकतलीवरचा वर्खही फार पातळ. नियमाप्रमाणे चौरस मीटरला जास्तीत जास्त 2.8 ग्रॅम चांदी, म्हणजे जाडी जेमतेम 270 नॅनोमीटर. त्याच्या जागी ॲल्युमिनियम आले आहे का, ते घरीच पाहता येते. वर्ख जाळला की चांदीची चकचकीत गोळी होते, ॲल्युमिनियमची करडी राख उरते.

शेवटी पुन्हा द्राक्षांकडे. बागायतदार बंधू-भगिनींनो, फवारणीच्या वहीत प्रत्येक औषधाचे, संजीवकाचे आणि टॉनिकचे नाव तारखेसह लिहा. डब्यावर घटक छापलेले नसतील, तर तो डबा दुकानातच परत करा. वहीत जे नाव असेल, तेच आम्हाला शोधता येईल.